वर्दी आणि ग्रँड ज्युरी

अमेरिकेत स्थिरावलेल्या भारतीय घरांतली पुढची पिढी आता डॉक्टर-इंजिनिअर एवढ्यावर थांबलेली नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सीच्या पोलीस दलांत देशी आडनावं दिसू लागली आहेत. मुलगी अकॅडमीतून वर्दी घालून बाहेर पडते तेव्हा घरादाराला कौतुक असतं. पण ड्युटीवर गोळी सुटली, अटक करताना कुणी दगावलं आणि प्रकरण ग्रँड ज्युरीकडे गेलं, तर पुढे काय, हे त्या घरात सहसा कुणालाच ठाऊक नसतं. इकडून फोन जातो, ‘चार्जशीट झालं का? खटल्याला वरून परवानगी मिळाली का?’ तिथे हे दोन्ही प्रश्न लागू पडत नाहीत. हा लेख अशा घरांसाठी आहे. शेवटचा थोडा भाग, नागरिकत्व मिळाल्यावर ज्यांना कधीतरी ज्युरर म्हणून बोलावणं येईल त्यांच्यासाठी. हे वाचून वकिलाची गरज संपणार नाही. वकिलाला काय विचारायचं ते मात्र कळेल.

भारतात लोकसेवकावर त्याच्या अधिकृत कामाबद्दल खटला भरायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. अमेरिकेत ती भानगड नाही. फेडरल कायद्याखालचा गंभीर गुन्हा असेल तर नागरिकांच्या ग्रँड ज्युरीने आधी आरोप मान्य करायला हवा, असं राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते. राज्यांवर हे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्येच तसा निकाल दिला. त्यामुळे काही राज्यांत ग्रँड ज्युरी टाळता येत नाही आणि काही राज्यांत ती वापरायची की नाही हे प्रॉसिक्यूटर (सरकारी वकील) ठरवतो. मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलीस अधिकारी डेरेक शॉविनवर राज्याचा खटला ग्रँड ज्युरीशिवाय उभा राहिला. नागरी हक्कांच्या फेडरल आरोपांसाठी मात्र मे २०२१ मध्ये ग्रँड ज्युरीचं इंडिक्टमेंट, म्हणजे आरोप मान्य करणारा लेखी निर्णय, आला. कॅलिफोर्नियाने तर पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंची प्रकरणं ग्रँड ज्युरीकडे नेऊच नयेत असा कायदा केला, तो २०१६ पासून लागू झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हा : प्रकरण राज्याचं की फेडरल, आणि या राज्यात ग्रँड ज्युरी लागतेच का?

ज्युरी म्हटलं की मराठी माणसाला नानावटी खटला आठवतो. ती खटल्याची ज्युरी होती. तिने दोन्ही बाजू ऐकून दोषी की निर्दोष ते सांगितलं. ग्रँड ज्युरी दोष ठरवत नाही. खटला चालवण्याइतपत सकृद्दर्शनी आधार आहे का, एवढंच ती पाहते. फेडरल ग्रँड ज्युरीत १६ ते २३ जण असतात आणि इंडिक्टमेंटला १२ मतं पुरतात. टेक्ससमध्ये १२ जण असतात आणि ९ मतं लागतात. एकमताची अट नाही.

त्या खोलीत न्यायाधीश बसत नाहीत. ज्युरर असतात, प्रॉसिक्यूटर असतो, बोलणं टिपून घेणारा स्टेनोग्राफर असतो आणि एका वेळी एक साक्षीदार. बचावाचा वकील नाही, उलटतपासणी नाही. ऐकीव माहितीवरसुद्धा इंडिक्टमेंट देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये मान्य केलं. आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा ज्युरीपुढे ठेवण्याची सक्ती प्रॉसिक्यूटरवर करता येणार नाही, असं १९९२ मध्ये म्हटलं. न्याय खात्याच्या स्वतःच्या नियमावलीत फेडरल प्रॉसिक्यूटरने असा भक्कम पुरावा दाखवावा असं आहे, पण तो खात्याचा अंतर्गत नियम. तो मोडला म्हणून इंडिक्टमेंट रद्द होत नाही. २०१० मध्ये फेडरल प्रॉसिक्यूटरांनी सुमारे १ लाख ६२ हजार प्रकरणं चालवली. ग्रँड ज्युरीने नकार दिल्याची नोंद ११ प्रकरणांत आहे.

पोलिसांच्या प्रकरणांत चित्र वेगळं दिसतं आणि त्याचं कारण लपलेलं नाही. एरवी प्रॉसिक्यूटर मोजके साक्षीदार आणून झटपट इंडिक्टमेंट घेतो. समोर पोलीस असला की तोच प्रॉसिक्यूटर सगळा पुरावा ज्युरीपुढे मांडतो आणि निर्णय तुमच्यावर सोपवतो म्हणतो. फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीने मेलेल्या मायकल ब्राउनच्या प्रकरणी २०१४ मध्ये असंच झालं : २५ दिवस बैठका, ६० साक्षीदार, आणि कुठला आरोप ठेवावा याची शिफारसच नाही. रोज ज्या पोलिसांच्या साक्षींवर खटले जिंकायचे, त्यांच्यातल्याच एकावर आरोप ठेवायचा, यातला पेच लोकांना दिसतोच. न्यूयॉर्कने त्यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये गव्हर्नरच्या आदेशाने आणि एप्रिल २०२१ पासून कायद्याने अशा मृत्यूंचा तपास स्थानिक डिस्ट्रिक्ट अटर्नीकडून काढून राज्याच्या अटर्नी जनरलकडे दिला. म्हणून ‘पोलिसांवर इंडिक्टमेंट होत नाही’ या जुन्या समजावर कुणी गाफील राहू नये. समोरचा प्रॉसिक्यूटर कोण, यावर बरंच काही ठरतं.

आता मुख्य मुद्दा, आणि यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. घटना घडल्यापासून पोलिसावर दोन चौकश्या एकदम सुरू होतात : खात्याची आणि गुन्ह्याची. खात्याच्या चौकशीत उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर नोकरी जाऊ शकते. गुन्ह्याच्या चौकशीत गप्प राहण्याचा हक्क त्याला इतर कुठल्याही माणसाइतकाच आहे. या दोन्हींची सरमिसळ होऊ न देणं, हेच पुढच्या सगळ्याचं मूळ आहे.

याचा कायदा न्यू जर्सीतल्या छोट्या गावांच्या पोलिसांमुळे घडला. ट्रॅफिकच्या केसेस मिटवल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी झाली. उत्तर नाकारलंत तर नोकरीवरून काढू, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी उत्तरं दिली आणि तीच त्यांच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरली गेली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नोकरी किंवा हक्क यातलं एक निवड असं म्हणून काढून घेतलेला जबाब फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही. तो गॅरिटीचा निकाल. आजही पोलीस स्टेशनात ‘गॅरिटी दिलं का?’ असं विचारतात ते यावरूनच. पुढच्याच वर्षी गार्डनर प्रकरण आलं. ते थेट ग्रँड ज्युरीचं आहे. न्यूयॉर्कमध्ये जुगाराच्या अड्ड्यांकडून पोलीस लाच घेतात का, हे ग्रँड ज्युरी तपासत होती. एका पोलिसाला बोलावून इम्युनिटी (साक्षीमुळे खटल्यापासून मिळणारं संरक्षण) सोडल्याच्या कागदावर सही करायला सांगितलं, त्याने नकार दिला आणि त्याची नोकरी गेली. न्यायालयाने ती बडतर्फी घटनाबाह्य ठरवली. मात्र त्याच निकालात हेही सांगितलं की, घटनात्मक हक्क सोडायला न लावता खात्याने त्याच्या कामाविषयी नेमके प्रश्न विचारले आणि तरीही त्याने उत्तर दिलं नाही, तर त्याला काढता येईल.

व्यवहारात याचा अर्थ असा. वरिष्ठ विचारायला आले की आधी स्पष्ट करून घ्यायचं : हा आदेश आहे का? उत्तर दिलं नाही तर शिस्तभंगाची कारवाई होईल का? आदेश लेखी मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आदेशावरून बोलत असल्याची नोंद जबाबाच्या सुरुवातीलाच करून घ्यायची. आपणहून, मोकळेपणाने, ‘लपवायचं काय आहे’ म्हणून केलेल्या बोलण्याला गॅरिटीचं संरक्षण नसतं. घटनास्थळी जखमी कुठे, गोळ्या कुठल्या दिशेला गेल्या, कुणी पळालं का, हे सांगावंच लागतं. ते थोडक्यात सांगून थांबायचं. सविस्तर हकिगत, सहकाऱ्यांबरोबरची चर्चा, गाडीत बसून केलेला फोन हे सगळं वकील भेटेपर्यंत थांबलेलं बरं.

आणि एक गोष्ट ठळकपणे : गॅरिटी खोटं बोलण्याची मुभा देत नाही. सक्तीच्या जबाबातलं सत्य वापरता येत नाही, पण त्यात खोटं बोललं तर त्या खोट्याबद्दल वेगळा खटला होऊ शकतो. असे खटले झालेले आहेत.

सक्तीच्या जबाबातून मिळालेल्या धाग्यावरून उभा केलेला पुरावाही चालत नाही. फेडरल पातळीवर इम्युनिटीचा हा विस्तार १९७२ च्या कास्टिगर निकालात आहे. म्हणून जाणते प्रॉसिक्यूटर सक्तीचा जबाब स्वतः वाचतच नाहीत. वेगळे वकील तो चाळतात आणि वापरता येईल तेवढंच पुढे देतात. तुमच्या वकिलाला विचारा, हा जबाब तपास पथकापैकी कुणाच्या हाती गेला आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर बचावातला तो महत्त्वाचा मुद्दा आहे.

मग एक दिवस पत्र येतं किंवा सबपीना, म्हणजे साक्षीचं सक्तीचं बोलावणं, येतो. फेडरल व्यवहारात तीन शब्द चालतात : साक्षीदार, सब्जेक्ट आणि टार्गेट. तपासाच्या कक्षेत ज्याचं वागणं येतं तो सब्जेक्ट; ज्याच्याविरुद्ध भक्कम पुरावा आहे आणि ज्याच्यावर आरोप येण्याची चिन्हं आहेत तो टार्गेट. आपण कोण, हे वकिलाने प्रॉसिक्यूटरला सरळ विचारायचं असतं. यात संकोच कसला? पण आजचा साक्षीदार महिन्याभरात टार्गेट होऊ शकतो, म्हणून मिळालेल्या उत्तरावर विसंबून कायमचे निर्णय घेऊ नयेत.

स्वतः आत जाऊन बोलावं का? घरच्यांना वाटतं, खरं आहे ते सांगून टाक, सुटशील. फर्ग्युसनमध्ये ब्राउनवर गोळी झाडणाऱ्या डॅरेन विल्सनने ग्रँड ज्युरीपुढे सुमारे चार तास साक्ष दिली, एरिक गार्नर यांच्या मृत्यूच्या प्रकरणातल्या स्टेटन आयलंडच्या डॅनियल पँटालिओ या पोलिसानेही दिली, आणि दोघांवरही इंडिक्टमेंट झालं नाही, हा दाखला हमखास दिला जातो. माझं मत असं की त्या दोन प्रकरणांवरून नियम काढू नये. शपथेवर दिलेला तो प्रत्येक शब्द लिहून ठेवलेला असतो. पुढे खटल्यात, फेडरल चौकशीत, नुकसानभरपाईच्या दाव्यात तो समोर येऊ शकतो. वर्षभराने साक्ष देताना अंतर दहा फुटांऐवजी पंधरा निघालं, तर तेवढ्यावर उलटतपासणी उभी राहते. बोलण्याचा फायदा होतो तो बळ का वापरलं हे ज्युरीला दुसऱ्या कुणाकडून कळणार नसेल तेव्हा. बळाचा वापर घटनेच्या क्षणी तिथे असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने तपासायचा, हे १९८९ च्या ग्रॅहम निकालाने ठरवलं आहे. बॉडीकॅम ते पुरेसं दाखवत असेल तर गप्प राहण्यात शहाणपण असू शकतं. हा निर्णय वकिलाने पुरावा पाहून घ्यायचा आहे, मामा-काकांनी नाही.

आत जायचं ठरलं तर राज्यागणिक नियम बदलतात. फेडरल ग्रँड ज्युरीत वकील खोलीत येऊ शकत नाही. बाहेर थांबतो, साक्षीदार उठून त्याला विचारून येऊ शकतो. तिथे टार्गेटला बोलण्याचा हक्क नाही, पण त्याने मागणी केली आणि हक्क सोडायची तयारी दाखवली तर ती सहसा मान्य करावी, असं न्याय खात्याचं धोरण आहे. न्यूयॉर्कचा कायदा निराळाच. तिथे ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देणाऱ्याला आपोआप इम्युनिटी मिळते, म्हणून संशयिताला आधी ती सोडल्याच्या कागदावर सही करावी लागते. तशी सही केलेल्याचा वकील खोलीत शेजारी बसू शकतो, मात्र त्याने ज्युरीशी बोलायचं नाही. संशयिताला साक्ष देण्याचा हक्क आहे, पण त्यासाठी डिस्ट्रिक्ट अटर्नीला लेखी नोटीस द्यावी लागते. बोलावणं येईल म्हणून वाट पाहत बसलात आणि मध्येच इंडिक्टमेंट आलं, तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही. जॉर्जियात तर २०१६ पर्यंत पोलिसांना भलतीच सवलत होती : सगळे साक्षीदार ऐकत खोलीत बसायचं आणि शेवटी स्वतःचं निवेदन करायचं, तेही एकाही प्रश्नाला उत्तर न देता. टीका इतकी झाली की विधिमंडळाने ती काढली. आता निवेदन करता येतं, पण प्रॉसिक्यूटर प्रश्न विचारतो.

ज्याच्यावर आरोप नाही, पण जो त्या वेळी शेजारी उभा होता, त्या सहकाऱ्यालाही सबपीना येतो. मिनिआपोलिसमध्ये मोहम्मद नूर या पोलिसाच्या गोळीने जस्टिन डेमंड मारल्या गेल्या. पोलीस बोलायला तयार नव्हते, तेव्हा काउंटी अटर्नीने २०१८ मध्ये त्यांना ग्रँड ज्युरीपुढे बोलावून साक्ष द्यायला लावली. आरोप मात्र नंतर ग्रँड ज्युरीविना, थेट तक्रारीवर ठेवला. असा साक्षीदारही स्वतंत्र वकील घेऊनच जावा. युनियन वकील देते ते चांगलं, पण गोळी झाडणारा आणि शेजारचा यांचा वकील एकच असेल तर अडचण येते. एकाचं हित दुसऱ्याविरुद्ध बोलण्यात असू शकतं. शहराचा किंवा खात्याचा वकील तर तुमचा नसतोच. त्याला काही सांगितलं की ते गुप्त राहील, हे गृहीत धरू नका.

घरच्यांसाठी खास सूचना. नवरा-बायकोमधल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. फेडरल न्यायालयात जोडीदाराविरुद्ध साक्ष द्यायची की नाही हे साक्ष देणाऱ्या जोडीदारानेच ठरवायचं, असा १९८० चा निकाल आहे. आई-वडील आणि सज्ञान मुलं यांच्या बोलण्याला मात्र बहुतेक न्यायालयांत असं काही संरक्षण नाही. मुलाने रात्री घरी येऊन आईपाशी सगळं बोलून दाखवलं, तर आईलाच सबपीना येऊ शकतो. म्हणून जेवायला वाढा, जवळ बसा, हकिगत विचारू नका. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक अक्षरही नको. नागपूरच्या आत्येने काळजीपोटी विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तरही पुरावा ठरतं. आणि लिहून झालं असेल तर पुसायच्या फंदात पडू नका. फेडरल तपासात अडथळा आणण्याच्या हेतूने नोंदी नष्ट केल्या तर २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मूळ प्रकरणात कच्चा पुरावा असताना या कलमाखाली अडकण्याइतकं दुर्दैव नाही.

ग्रीन कार्डवर असलेल्यांनी आणखी एक वकील गाठावा, इमिग्रेशनचा. काही राज्यांनी अलीकडे नागरिक नसलेल्यांनाही पोलिसात घ्यायला सुरुवात केली आहे, आणि एखादा आरोप कबूल केल्याने देश सोडावा लागू शकतो. फौजदारी वकिलाने याची कल्पना अशिलाला दिलीच पाहिजे, असा २०१० चा निकाल आहे, तरी आपणहून विचारावं.

ग्रँड ज्युरीने नकार दिला की घरात पेढे वाटले जातात. थोडं थांबावं. नकार म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे; तेच प्रकरण नव्या ग्रँड ज्युरीपुढे जाऊ शकतं, न्यूयॉर्कमध्ये न्यायालयाच्या परवानगीने. राज्य आणि फेडरल सरकार वेगवेगळे खटले चालवू शकतात. पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या लुइव्हिलच्या ब्रिओना टेलर यांच्या प्रकरणात ब्रेट हँकिसन हा पोलीस मार्च २०२२ मध्ये राज्याच्या खटल्यात निर्दोष सुटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल नागरी हक्क खटल्यात दोषी ठरला. पँटालिओवर स्टेटन आयलंडच्या ग्रँड ज्युरीने डिसेंबर २०१४ मध्ये आरोप ठेवला नाही, फेडरल सरकारनेही २०१९ मध्ये नकार दिला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क पोलीस खात्याने त्याला बडतर्फ केलं. एरिक गार्नर यांच्या कुटुंबाला शहराने ५९ लाख डॉलर दिले ते तर त्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे ज्युररचा विचार करू. समन्स आलं की बरेच जण सुट्टी कशी मिळेल याच्या मागे लागतात. काही ठिकाणी हे काम महिनोन्‌महिने, ठरावीक दिवशी चालतं, हे खरं. पण पोलिसाचं प्रकरण समोर आलं तर त्या खोलीत प्रॉसिक्यूटरला प्रश्न विचारणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. ज्युरर साक्षीदाराला प्रश्न विचारू शकतो, आणखी साक्षीदार किंवा कागद मागू शकतो. कायदा समजावून सांगितला जातो तो लेखी मागावा आणि तो आजही लागू आहे का, हे विचारावं. फर्ग्युसनमध्ये ज्युररना सुरुवातीला मिसुरीचं एक जुनं कलम वाटलं गेलं, ज्यात पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडायची मुभा होती. सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा १९८५ मध्येच मोडीत काढली होती. चूक लक्षात आणून दिली गेली ती काही आठवड्यांनी, विल्सनची साक्ष होऊन गेल्यावर.

दुसरी गोष्ट, ज्या आरोपांची नावं प्रॉसिक्यूटरने घेतली नाहीत त्यांबद्दलही विचारता येतं. ब्रिओना टेलर यांच्या प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये फक्त हँकिसनवर, आणि तेही शेजारच्या घरातल्या लोकांचे जीव धोक्यात घातल्याबद्दल, आरोप ठेवला गेला. केंटकीच्या अटर्नी जनरलच्या बोलण्यातून तो सगळा ज्युरीचा निर्णय असल्यासारखं वाटलं. तेव्हा एका ज्युररने न्यायालयात धाव घेतली. ग्रँड ज्युररवर गुप्ततेचं बंधन असतं, म्हणून बोलण्यासाठीही आधी परवानगी मागावी लागली. ती मिळाल्यावर त्याने सांगितलं की मनुष्यवधाचे आरोप त्यांच्यापुढे मांडलेच नव्हते, आणि त्यांनी इतर आरोपांविषयी विचारलं तेव्हा ते टिकणार नाहीत असं प्रॉसिक्यूटरनी उत्तर दिलं.